संशोधन जिनिंगच्या फाटकापासून सुरू करा: वाचकांचे प्रश्न

या वेळी विदर्भातल्या उद्योगांवर बरीच पत्रं आली, व्हॉट्सअॅपवरही प्रश्न आले. कोणी पीएचडी करतंय, कोणी जिनिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) चालवतंय, कोणी बचत गटातून डाळ मिल टाकून बसलंय, आणि सगळ्यांचं विचारणं फिरून फिरून एकाच जागी येतं म्हणून पाचही प्रश्न एकत्रच घेतले.

प्रश्न: नमस्कार सर. मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं, आता पीएचडीला नाव टाकलंय. गाईड मॅडमनी विषय दिला, विदर्भातली प्रादेशिक इनोव्हेशन सिस्टिम आणि औद्योगिक वाढ. वाचायला घेतलं तर सगळं सिलिकॉन व्हॅली, जर्मनी आणि इटलीचं. आमच्या गावात एक जिनिंग, दोन चक्क्या आणि एक वेल्डिंगचं दुकान आहे. इथे ही सिस्टिम शोधू कुठे?
एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, विषय चांगला आहे, बदलून घेऊ नका. तुमच्या गावात त्याचं सामान आहे, फक्त ते पुस्तकातल्या नावानं तिथे ओळखलं जात नाही.

आधी हा विचार आला कुठून ते थोडक्यात सांगतो. अल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की एका धंद्याचे लोक एका गावात जमले की त्या धंद्याचं ज्ञान तिथल्या हवेतच असतं, पोरं नकळत शिकून जातात. मग १९८० च्या दशकात जपान एवढा पुढे कसा गेला याचा शोध घेताना ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी, आणि त्यांच्यासोबतच डेन्मार्कच्या लुंडवॉल यांनी, देशाची मिळून एक इनोव्हेशन सिस्टिम असते असं मांडलं, आणि १९९२ मध्ये वेल्समध्ये काम करणाऱ्या फिलिप कुक यांनी तोच विचार प्रदेशावर आणला. सांगणं एवढंच आहे की नवीन गोष्ट एकटा कारखानदार करत नसतो, कारखाना, मशीन बनवणारा, फिटर, आयटीआय, विद्यापीठ, बँक, बाजार समिती आणि सरकारचे नियम यांच्यात जे येणंजाणं असतं, एकमेकाला विचारणं असतं, त्यातून ती होते. म्हणून नुसत्या संस्था मोजून भागत नाही, त्यांच्यातलं येणंजाणं मोजावं लागतं. मला सांगायचं आहे ते हेच, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

कारण संस्था मोजायला बसलात तर विदर्भ अजिबात गरीब दिसत नाही. नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ ची, पर्यावरणावर काम करणारी नीरी १९५८ ची, केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ ची, शिवाय लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं कॉलेज, आणि सिरकॉट या मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्रही नागपुरातच आहे. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं. वर्ध्याच्या मगनवाडीत तर गांधीजींनी १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ काढला, जे. सी. कुमारप्पा यांनी तिथे घाणी, कागद, मधमाशी यावर काम केलं, आज तिथेच एमगिरी म्हणजे ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. एवढं सगळं असताना तुमच्या गावातल्या जिनिंगवाल्याला रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या मशीनमध्ये, अडचण आली तर तो यापैकी किती जणांना फोन करतो? शून्य असेल तर शून्य लिहा, पण मग कोणाला करतो तेही लिहा. पीएचडी तिथेच आहे.

उद्योगाच्या बाबतीतही तेच. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला. सूत कातायचं रिंग स्पिंडल वापरून पाहणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गिरण्यांपैकी ती एक, म्हणजे त्या काळातलं सगळ्यात नवीन तंत्र कापसाच्या मुलखात आलेलं होतं. कोइम्बतूरला पहिली गिरणी, स्टेन्स मिल, त्यानंतर ११ वर्षांनी म्हणजे १८८८ मध्ये आली. पण तिथे गिरण्यांच्या दुरुस्तीतून फौंड्र्या वाढल्या, फौंड्रीतून पाण्याचे मोटार पंप, पंपातून गिरणीच्या मशीन, १९३० च्या दशकात पायकारा नदीवरच्या प्रकल्पाची वीज आली, आणि गिरणीमालकांनी एकत्र येऊन १९५६ मध्ये स्वतःची संशोधन संस्था काढली, सिट्रा. आपल्याकडे अकोला, पुलगाव, बडनेरा, हिंगणघाट, अचलपूर इतक्या ठिकाणी गिरण्या होत्या, मग त्यातल्या फिटरचं, जॉबरचं म्हणजे खात्याच्या मुकादमाचं, डाइंगवाल्याचं ज्ञान पुढे कोणत्या धंद्यात गेलं? काही नक्कीच गेलं असणार, नागपुरात जिनिंगच्या मशीन आजही बनतात आणि बाहेर देशी जातात. पण किती गेलं, कोणत्या वाटेनं गेलं आणि कुठे अडलं हे नीट कोणी लिहून ठेवायला पाहिजे आणि जुने जॉबर अजून आहेत तोवर ते करायला पाहिजे.

तुमच्या थेअरीच्या प्रकरणासाठी एक धागा देतो. ऑस्ट्रियाच्या टोडलिंग आणि ट्रिपल या दोन अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडलं की सगळ्या प्रदेशांना एकच औषध चालत नाही. काही प्रदेशांत मुळात संस्था आणि कंपन्याच विरळ असतात, काही जुन्या औद्योगिक गावांत सगळं असतं पण जुन्याच रस्त्याला अडकलेलं असतं, आणि मोठ्या शहरांत सगळं असून एकमेकांशी बोलणं नसतं. आता नकाशा घ्या. गडचिरोली पहिल्यात बसते, अचलपूर-पुलगावसारखी गिरणीची गावं दुसऱ्यात, आणि नागपूर तिसऱ्यात. तिन्ही दुखणी एकाच विदर्भात आहेत. त्यामुळे 'विदर्भ मागास आहे' असं एक वाक्य लिहून प्रकरण संपवू नका, माझ्या मते आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांचा घात याच वाक्यानं केलाय.

आता प्रत्यक्ष काम. पूर्ण विदर्भ घेऊ नका, पूर्ण जिल्हाही नको, एक माल घ्या, कापूस. साधारण ५ क्विंटल कापसातून १७० किलोची एक गाठ निघते, बाकी बहुतेक सरकी, तिचं तेल आणि ढेप. या एका साखळीवर शेतकरी, अडत्या, जिनिंगवाला, प्रेसचा मिस्त्री, तेल मिल, कापूस खरेदी करणारं केंद्राचं महामंडळ सीसीआय, बँक आणि मशीनवाला सगळे येतात. दारव्ह्याच्या जिनिंगच्या फाटकापासून सुरू करा आणि तिथून जो कोणाचं नाव घेईल त्याच्याकडे जा. प्रश्नही साधे ठेवा, मागच्या पाचएक वर्षांत इथे काय बदललं, ते पहिल्यांदा कोणाकडून कळलं, पाहायला कुठे गेले, पैसे कोणी दिले, बिघडलं तेव्हा कोण आलं. आणि काय करून पाहिलं आणि सोडून दिलं हे विसरू नका, कारण सोडून दिलेल्या गोष्टीत जास्त माहिती असते, लोक ती आपणहून सांगत नाहीत, दोनदा बसावं लागतं. हंगामात दिवाळी ते फेब्रुवारी जाऊ नका, गाड्यांची रांग लागलेली असते, कोणी बोलणार नाही. उन्हाळ्यात रेचे खोलून दुरुस्तीला ठेवतात तेव्हा जा, मालक मोकळा असतो आणि फिटरही तिथेच असतो, आणि फिटरशी मालकासमोर नाही तर वेगळं बोला.

हे सगळं वहीत आलं की कागदावर ठिपके मांडा आणि कोण कोणाला विचारतं त्या रेघा ओढा. नेटवर्क अॅनालिसिसचं सॉफ्टवेअर नंतर शिकता येईल.

प्रश्न: रामराम सर. आमची जिनिंग हाय, वडलांपासून. दरसाली कोणतं ना कोणतं कॉलेजचं पोट्टं फॉर्म घेऊन येते आन् विचारते तुमी इनोव्हेशन करता का. आमी कायचं इनोव्हेशन करतो जी, रेचे चालवतो, गाठी बांधतो. 'नाही'वर टिक मारून वापस पाठवतो. फॉर्म भरून आमाले काय भेटते?
एक जिनिंगवाले, हिंगणघाट

उत्तर: भाऊ, तुम्ही 'नाही'वर टिक मारता तिथेच सगळा हिशोब चुकतो, आणि त्यात दोष त्या फॉर्मचा आहे, तुमचा नाही. जगभर हे मोजायला ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेची ओस्लो मॅन्युअल नावाची नियमावली वापरतात, पहिली १९९२ ची, आताची चौथी आवृत्ती २०१८ ची. त्यात जगात पहिल्यांदा केलेलीच गोष्ट इनोव्हेशन असं कुठेच नाही, तुमच्या कारखान्यासाठी नवीन असली आणि वापरात आली तरी ती मोजायची. आता मागे जाऊन पाहा, तुमच्या वडलांच्या वेळी सिंगल रोलरचे रेचे असतील, मग डबल रोलर आले, हातानं कापूस टाकायचा तिथे ऑटो फीडर आला, डोक्यावरून टोपल्यानं रुई न्यायचे तिथे पट्टा किंवा हवेचा पाइप आला, आवारात फरशी झाली, प्रेस बदलला. यातलं एकेक इनोव्हेशन आहे.

आणि हे कधी झालं तेही महत्त्वाचं. १९७२ पासून जवळपास तीन दशकं आपल्या राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती, कापूस पणन महासंघाचा, जिनिंगवाल्यानं ठरलेल्या दरानं त्याची सरकी काढून द्यायची. रुई स्वच्छ निघाली काय आणि कचऱ्याची निघाली काय, त्याच्या दरात फारसा फरक नाही, मग मशीनवर पैसा कोण लावेल? शेतकऱ्याला आधार म्हणून योजना आली, तो हेतू चांगलाच होता, पण जिनिंगमधल्या सुधारणेचा रस्ता तिनं बंद करून ठेवला असं मला वाटतं. मग २००० मध्ये केंद्राचं टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन आलं, जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळालं, पुढे खाजगी खरेदीही मोकळी झाली, आणि थोड्याच वर्षांत जिनिंगचं रूप बदललं. मालक तेच, गाव तेच, कापूसही बराचसा तोच, नियम बदलले तर हात सुटले. हे पुस्तकातून कळत नाही, तुमच्यासारख्यांनी सांगितलं तर कळतं.

काय भेटते म्हणता, लगेच काही भेटणार नाही हे खरं आहे आणि त्या पोरांनीही खोटी आशा दाखवू नये. पण तुम्ही सगळ्यांनी 'नाही' लिहिलं की अहवालात येतं, या भागात उद्योगांची नवीन तंत्राची मागणी नाही, आणि मग प्रशिक्षण केंद्र, टेस्टिंगची लॅब, एका भागातल्या कारखान्यांनी मिळून वापरायचं कॉमन फॅसिलिटी सेंटर दुसरीकडे जातं. पुढच्या पोराला एक अट घाला. फॉर्म भरतो, पण तुझ्या अभ्यासात जेवढ्या जिनिंग आल्या त्यांचा रुईचा उतारा (कापसातून किती रुई निघते ते), कचऱ्याचं प्रमाण आणि विजेचा खर्च नावं न टाकता एका कागदावर मांडून मला आणून दे. आपण आजूबाजूच्यांच्या मानानं कुठे उभे आहोत हे मालकाला सहसा कळत नाही, तो कागद तुमच्या खरंच कामाचा आहे. आणि बसायला खुर्ची द्या, चहा तर तुम्ही देतच असाल.

प्रश्न: मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, अमरावती विभागाच्या औद्योगिक वाढीवर एक लेखमाला लिहायचा विचार आहे. पण एका ठिकाणचे आकडे दुसऱ्याशी जुळतच नाहीत. कोणते धरावे? आणि पेटंटच्या संख्येवरून संशोधन मोजता येईल का?
एक वाचक, अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

उत्तर: गुरुजी, आकडे जुळत नाहीत कारण प्रत्येक खातं वेगळीच गोष्ट मोजतं, त्यामुळे कोणता खरा हे विचारण्यापेक्षा कोणता आकडा काय मोजतो ते आधी पाहावं.

कारखान्यांची वार्षिक पाहणी, म्हणजे एएसआय, ही नोंदणीकृत कारखान्यांची, म्हणजे ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्यांची. तुमच्या गावातली चार माणसांची वर्कशॉप त्यात नाही. त्यातही कापूस भागात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, २००८ च्या राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात जिनिंगचा कोड ०१६३२ आहे, म्हणजे तो शेतीच्या भागात बसतो. एएसआयमध्ये जिनिंग येतं, पण कोणी फक्त कारखानदारीचे १० ते ३३ हे विभाग चाळून काढले तर सगळ्या जिनिंग हिशोबातून गळून पडतात, आणि वऱ्हाडातून जिनिंग गळालं तर मागे उरतं काय! मोठमोठ्या रिपोर्टातसुद्धा हे पहिल्यांदा तपासून पाहा.

छोट्या-मध्यम उद्योगांची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासूनची, ती स्वतः भरायची असते. २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापारीही त्यात आले, म्हणजे किराणा दुकानही त्यात दिसेल. त्यामुळे संख्या वाढली म्हणजे कारखाने वाढले असं नाही. एमआयडीसीच्या प्लॉटचंही तसंच, वाटप झालेले किती आणि प्रत्यक्ष शेड उभी राहून मीटर फिरतं ते किती, हे दोन आकडे वेगळे मागा, माहितीच्या अधिकारात मिळतात. मला तर महावितरणच्या औद्योगिक ग्राहकांचा वीजवापर सगळ्यात भरवशाचा वाटतो, बंद कारखाना वीजबिलात लपत नाही. जिल्हा सामाजिक आणि आर्थिक समालोचन हे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं पुस्तक जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात पाहायला मिळतं, जुने अंकही मागून पाहा, लेखमालेला खूप कामाचे आहेत.

मोठ्या काळाची तुलना करताना जिल्हे फुटले तेही सांभाळा. गडचिरोली चंद्रपूरमधून १९८२ मध्ये वेगळी झाली, वाशिम अकोल्यातून १९९८ मध्ये, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ मध्ये. तुमच्या विभागात अकोल्याचे कारखाने १९९८ नंतर एकदम कमी झालेले दिसले तर उद्योग बुडाले असं लिहून मोकळे होऊ नका.

पेटंटचं विचारलंत ते बरं झालं. पेटंट अर्जदाराच्या पत्त्यावर नोंदलं जातं, कारखाना हिंगणघाटला आणि ऑफिस मुंबईला असेल तर ते मुंबईच्या खात्यात जातं. आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं काम तर पेटंटच्या वहीत येतच नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, दीड एकरचे शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी ते बियाणं वेगळं ठेवलं, वर्षामागून वर्ष निवडत गेले आणि एचएमटी हे वाण तयार झालं, तेव्हाच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. ते शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे इतर राज्यांतही गेलं. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) १९९८ मध्ये त्यातून शुद्ध करून पीकेव्ही एचएमटी आणलं. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं खोब्रागडेंना पुरस्कार दिला, पण आयुष्यभर गरिबी सुटली नाही, जून २०१८ मध्ये ते गेले. एवढं मोठं काम, त्यावर किती मिल चालल्या, किती व्यापार झाला, आणि पेटंट शून्य, कंपनी शून्य, आर अँड डी खर्च शून्य. शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवायचा हक्क देणारा कायदा २००१ चा, म्हणजे वाण पसरून गेल्यानंतरचा. ज्या मोजपट्टीत दादाजी बसत नाहीत त्या मोजपट्टीनं ग्रामीण विदर्भ मोजू नये असं मी ठामपणे म्हणतो. तुमच्या लेखमालेत एक लेख त्यांच्यावर जरूर लिहा.

प्रश्न: आमच्या भागात कोळसा हाय, सिमेंटचे कारखाने हाय, वीज इथून पूर्ण महाराष्ट्राले जाते. तरीबी आमचे पोट्टे पुण्याले जाऊन राह्यले. मंग औद्योगिक वाढ झाली म्हणायची का नाही?
एक वाचक, ता. कोरपना, जि. चंद्रपूर

उत्तर: वाढ झाली, शिकणं झालं का हा प्रश्न आहे, आणि या दोन गोष्टी आपोआप सोबत येत नाहीत.

तुमच्याकडे कारखाने आले ते जमिनीखालच्या चुनखडीमुळे आणि कोळशामुळे. चंद्रपूरचं वीज केंद्र आज २९२० मेगावॅटचं आहे, बल्लारपूरचा कागद कारखाना कितीतरी जुना. जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आकडा त्यामुळे फुगून दिसतो. पण कोणतं मशीन घ्यायचं, सुटे भाग कोणाकडून आणायचे, नवीन काय करून पाहायचं हे निर्णय गेटच्या आत होत नाहीत, ते मुंबई-दिल्लीच्या हेड ऑफिसात होतात. मग गावाच्या वाट्याला काय येतं, तर मजूर पुरवणं, ट्रक, कँटीन, बगीचा, साफसफाई. ही कामं वाईट नाहीत, घरं चालतात त्यावर, पण त्यातून गावाच्या हाताला नवीन कसब लागत नाही आणि खाण संपली की मागे काही उरत नाही.

तुम्हाला तपासायचं असेल तर एक सोपं काम आहे. आजूबाजूची पंधरा-वीस वर्कशॉप घ्या आणि प्रत्येकाला विचारा, कारखान्याचं काम करता का, आणि करत असाल तर कोणतं. पहिली पायरी वेल्डिंग-दुरुस्ती. दुसरी पायरी नमुना पाहून तसाच पार्ट बनवून देणं. तिसरी पायरी, हा पार्ट वारंवार तुटतो तर असा बनवू का, असं कारखान्याला सुचवणं आणि त्यांनी ते ऐकणं. दहा वर्षांपूर्वी कोण कोणत्या पायरीवर होतं आणि आज कोणत्या, एवढं मांडलं तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमदार-खासदारांसमोर ठेवण्याइतकं पक्कं होईल. अन् कोणी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेला असेल तर तो कसा गेला, कोणत्या इंजिनिअरनं त्याला आत येऊ दिलं, हे खोलात जाऊन विचारा, कारण बऱ्याचदा सगळं त्या एका माणसावर असतं आणि त्याची बदली झाली की दार बंद होतं.

नियमानं काय होऊ शकतं याचं एक उदाहरण तुमच्या जवळच आहे, राखेच्या विटा. वीज केंद्राची राख आधी नुसतीच साचत होती, १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं जवळच्या वीटभट्ट्यांना आणि बांधकामांना राख वापरणं बंधनकारक केलं आणि त्यातून राखेच्या विटांचे छोटे कारखाने उभे राहायला जागा झाली. कारखान्याची सुटे भाग खरेदी जिल्ह्यातून काही टक्के व्हावी असा नियम किंवा निदान दरवर्षी त्याचे आकडे जाहीर करणं, ही मागणी मला रास्त वाटते. पोरं पुण्याला जातात ती पगारासाठी जातात हे खरंच, पण ती शिकायलासुद्धा जातात, इथे दुसऱ्या पायरीचं काम शिकवणारा मिळाला तर काही जण नक्की थांबतील.

प्रश्न: आमच्या बचत गटानं मिनी डाळ मिल घेतली. तुरीची डाळ होते पण चुरी खूप पडते, बाजारात भाव भेटत नाही. विकणाऱ्यानं एकदा येऊन दाखवलं, आता फोन उचलत नाही. कोणाला विचारायचं?
बचत गटाच्या अध्यक्ष, जि. वाशिम

उत्तर: ताई, मशीन बहुतेक ठीक असेल, अडचण तुरीच्या तयारीत असते. तूर आधी चाळणीनं लहान-मोठी वेगळी करा, एकत्र टाकली की बारीक दाणा तसाच निघतो आणि मोठा फुटतो. पहिल्या फेरीत फक्त सालीला चरे पाडून घ्या, मग तेलाचा हलका हात देऊन रातभर ढीग झाकून ठेवा, उन्हात वाळवा, पाण्याचा शिपका मारून पुन्हा मुरू द्या आणि मगच डाळ करा. घाई केली की चुरी वाढते. साल काढणारा एमरीचा (खरखरीत दगडाचा) रोलर गुळगुळीत झाला असेल तर साल निघत नाही म्हणून आपण दाब वाढवतो आणि दाणा तुटतो, तो बदलून घ्या. दोन शेतातली वेगळ्या वाणाची तूर एकत्र करू नका.

विचारायचं म्हणाल तर मिनी डाळ मिलचं पीकेव्ही मॉडेल मुळात अकोल्याच्या कृषी विद्यापीठानंच तयार केलं, तिथे कृषी प्रक्रिया अभियांत्रिकीच्या विभागात गटातल्या दोघीजणी स्वतः जा, सोबत पाच किलो तूर, तुमची डाळ आणि चुरी वेगवेगळ्या पिशवीत न्या, नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा पाहून लवकर कळतं. आधी रिसोड तालुक्यातल्या करडा कृषी विज्ञान केंद्रात बोलून घेतलं तर बरं, तिथून पुढे ओळख मिळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई या छोट्या अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत एका उद्योगाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं होतं, वाळवणीचं यंत्र किंवा ग्रेडर घ्यायचा विचार असेल तर तालुका कृषी कार्यालयात ती आता चालू आहे का आणि तिची जिल्हा संसाधन व्यक्ती कोण आहे ते विचारा, प्रस्ताव तेच बनवून देतात, त्याचे पैसे गटाकडून घ्यायचे नसतात.

आणि दारव्ह्याच्या ज्या ताईंचा प्रश्न वर आहे त्यांना तुमचा प्रश्न पाठवतोय, तुमची हरकत नसेल तर. मशीन विकली गेली म्हणजे तंत्र पोहोचलं अशी कागदावर नोंद होते, विकल्यानंतर चुरी किती पडते याची होत नाही. दर पोत्यामागे तूर किती, डाळ किती, चुरी किती आणि त्या दिवशी काय वेगळं केलं एवढं वहीत लिहायला आजपासूनच सुरू करा, विद्यापीठात गेलात तर पहिल्यांदा तेच विचारतील.